प्रकाशा किती लांब

भिकुबाईच्या हिशेबात कोरीटहून प्रकाशा कधी जवळ असे, कधी लांब. स्वतःला केदारेश्वराच्या दर्शनाला जायचं असलं की ते परसदारी येऊन बसे. सुनेला माहेरी जायचं असलं की दक्षिणकाशी म्हणवणारं तेच गाव तापीकाठावरून उचलून कुणी खऱ्या काशीच्या अंगाला नेऊन ठेवी.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. गावातल्या एकेका सुनेला न्यायला माहेरचा मुऱ्हाळी येत होता. भिकुबाईच्या सुनेला, दगूबाईला, भाऊच नव्हता. घरची गाडी जुंपली तरच सणाला माहेर. मायनं नातीला बारशानंतर पाहिलं नव्हतं, आणि आता तिला खाली दोन दात आले होते, तांदळाच्या कण्यांएवढे. ते मायला दाखवल्यावाचून दगूचा जीव थाऱ्यावर येणार नव्हता. नवरा झिपरू आईचं तोंड बघून होय-नाही म्हणणारा. त्याच्यापेक्षा त्याचे बैल ठाम.

अशात धाकटा दीर लोटन सुरतेहून रजेवर आला आणि ओट्यावर बसून नव्यानंच सुरू झालेल्या टपालाच्या विमानाच्या गप्पा हाकू लागला.

"अमदाबादथीन मुंबई, तीन तासमा!"

"खोटं बोलस तू," भिकुबाई म्हणाली. "आगगाडीले रात लागस."

"आगगाडी रुळवर पळस, माय. विमानले ना नदी आडवी ना नाला."

दगूनं संधी साधली. "भाऊ, मंग आठेथीन प्रकाशा?"

"बशीमा चहा फुकशी ना वैनी, तितलामा प्रकाशा!"

"आयकं ना आत्याबाई? इतलं जवय शे. जाऊ का मी आखाजीले?"

भिकुबाई विचारात पडली. दगूला वाटलं, जमलं.

"जाय ना," सासू म्हणाली. "पन इतलं जवय शे तं ऱ्हावानं काय काम? सकायले जाय, संध्याकायले भाकरी टाकाले परत ये."

दगूनं लोटनकडं असं पाहिलं की त्याचं विमान जागच्या जागी कोसळलं.

तिनं पोरीच्या तोंडातलं बोट काढलं. मग अगदी भोळ्या आवाजात म्हणाली, "भाऊ, आन् लोणखेडं?" लोणखेडं म्हणजे भिकुबाईचं माहेर, प्रकाशाच्याही पुढं.

"आखो एक बशी!"

"मंग आत्याबाई, तुम्हीबी चला. भाऊले भेटा आन् संध्याकायले परत."

भिकुबाई उसळली. "संध्याकायले? लोणखेडं काय गोठाना मांगे शे? भाऊना घर जाईसन चार दिन बी नही ऱ्हाऊ? लोक काय म्हनतीन?"

"म्हंजे लांब शे?"

"लांबच शे!"

"वाट तं प्रकाशावरथीनच जास ना, आत्याबाई."

लोटननं हसू दाबायला तोंडावर उपरणं धरलं. भिकुबाईची सासू जिवंत होती तोवर लोणखेडं असंच लांब होतं. ती गेल्यावरही कुणी ते जवळ आणलं नव्हतं.

"झिपरू!" ती एकदम ओरडली. "गाडी जुप!"

"माय, मंग घर कोन दखी?"

"लोटन दखी. भाकरीबी तोच टाकी. लई हुशार शे."

गाडी तापीच्या पाण्यात उतरली तेव्हा दगू पोरीला पदराखाली घेऊन गालातल्या गालात हसत होती. बैल पाणी पिण्यासाठी थांबले, तशी भिकुबाई झिपरूवर खेकसली, "गाडी चालाडी ऱ्हायना का झोपी ऱ्हायना? मन्हा भाऊ वाट दखी ऱ्हायना!"

भावाला ती येते आहे हे ठाऊकही नव्हतं.