आधी वाईट बातमी

"पुड्याची तारीख बघ आधी!" फानसाहेब ओरडला.

मी सर्व्हरच्या डोक्यावरचा हिरवा पुडा उचलला. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून ठेवलेला खाऊ तो. शिळा झाला की यंत्र रुसतं, असं आम्ही शिकलेसवरलेले लोक मानतो. तारीख ताजी निघाली. म्हणजे आता दोष द्यायला माणूस धरायचा.

बोट कीलुंग बंदराच्या धक्क्याला लागली की आमची यंत्रणा खलाशांच्या घरच्यांना 'पोहोचली' असा निरोप पाठवते. त्या सकाळी 'बिघाड' असा गेला. बायका घरातल्या सपाता घालूनच धक्क्यावर धावल्या. बोटी मजेत बांधलेल्या, गडी पेज ओरपत बसलेले.

"निरोपाचं ते फंक्शन माझं," आमच्यातला जुना प्रोग्रामर ल्याओदादा म्हणाला. "नोकरीला लागलो तेव्हा लिहिलेलं."

दादाच्या काळी यंत्राला काम सांगायचं आणि 'झालं की हाक मार' म्हणायचं. कॉलबॅक म्हणतात तो हाच. या हाकेत पहिली जागा वाईट बातमीची. काही बिघडलं नसेल तर तिथं 'काही नाही' ठेवायचं, मग पुढं उत्तर. हीच सवय दादाच्या जिभेलाही जडली. कमी ऐकू यायचं म्हणून फोन स्पीकरवर, आणि बायकोशी पहिलं वाक्य ठरलेलं: "वाईट काही नाही. कोबी आणू का?"

"दादा, कोबीत काय वाईट असणार?" आम्ही पोरी फिदीफिदी हसायचो.

"तुझा नवरा आणेल तेव्हा कळेल!"

कसलं हसायचो तेव्हा.

मग प्रॉमिस आलं. हाकबिक नाही, यंत्र हातात वचनच ठेवतं. पाळलं तर उत्तर, मोडलं तर कारण. फानसाहेबाचं फर्मान निघालं, जुनं सगळं वचनात गुंडाळा. जागच्या जागी उत्तर देणारी साधी फंक्शनं बिनतक्रार बसली. हाकवाल्यांसाठी तयार अवजार मिळतं, ते दादानंच चालवलं. पण ते अवजार हाकेतली पहिली गोष्ट वाईट बातमीच धरतं. दादाच्या त्या पहिल्यावहिल्या फंक्शनात वाईट बातमीला जागाच नव्हती. बोट आली की ते सरळ तिचं नाव हाकारायचं. अवजारानं नावालाच बिघाड मानलं आणि वचन मोडलं.

"रीत ठाऊक नव्हती गं तेव्हा," दादा म्हणाला. "वाटायचं, बोट गेली म्हणजे येणारच. विसरलोच मी ते."

"आता आराम करा दादा," फानसाहेब गोड आवाजात म्हणाला. "उद्यापासूनच."

"दोन ओळींची दुरुस्ती आहे," मी म्हणाले. "मी केलीसुद्धा. तुम्हाला दुरुस्ती नकोच होती. त्यांची खुर्ची रिकामी हवी होती."

"झालं बोलून?"

झालं होतं. असल्या माणसाला शिव्या घालायच्या त्याही सभ्य भाषेत, एवढीच आमची मर्दुमकी.

दादानं खण रिकामा केला. जाता जाता हिरवा पुडा सरळ उभा केला. मग दाराशी थांबून बायकोला फोन लावला.

"आ-ल्वान, आज जेवायला घरीच येतोय."

पलीकडं कढईत उलथनं वाजत होतं, ते थांबलं.

"काय झालं हो?" तिनं विचारलं.