खिशातलं ते गिऱ्हाइकाचं

सकाळी लाँड्रीचं शटर वर गेलं, की मालकीणबाई आधी वाफेचं प्रेस तापत ठेवायच्या आणि मग आलेल्या कपड्यांचे खिसे तपासायच्या. कुणाच्या खिशात किल्ली निघे, कुणाच्या सुटं बटण. एका विजारीत तर दातांची कवळी निघाली होती. जे निघेल ते चिठ्ठी लावून गल्ल्याजवळच्या काचेच्या बरणीत जायचं. "खिशातलं ते गिऱ्हाइकाचं," हा सासऱ्यांनी घालून दिलेला दंडक. सासरे गेले, पण बरणी जागची हलली नाही.

त्या दिवशी निम्मे खिसे झाले असतील, तोच दोन हमाल दोरखंड घेऊन दारात आले.

"प्रेस न्यायचंय. मालकांशी बोलणं झालंय."

बाईंच्या हातातला शर्ट हातातच राहिला. दवाखान्याचे कोट, हॉटेलच्या चादरी, शाळेचे गणवेश, सगळं त्या प्रेसवर चालायचं. ते गेलं की घराचं पोट एका हातइस्त्रीवर आलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मालक कोपऱ्यात हँगर सरळ करण्यात एकाएकी फार गुंतले होते.

बाईंनी प्रेसचा दांडा ओढला. फुस्सकन वाफ उठली आणि हमाल दोन पावलं मागे सरले.

"तापलंय," बाई म्हणाल्या. "उचला."

"निवल्यावर येतो, वहिनी."

"आज निवायचं नाही ते. उद्याही नाही."

हमाल हसत निघून गेले. बाई वळल्या. "अहो, इकडे या. हँगर पळून जात नाहीत."

मालकांनी आधी घसा खाकरला, मग इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी मोबाइल पुढे केला. त्यावर ईमेल होता. 'प्रिय भाग्यवान विजेते, आपणास कोट्यवधींची लॉटरी लागली आहे. रक्कम सोडवण्यासाठी फी तातडीने भरावी, अन्यथा बक्षीस रद्द होईल. सुरक्षेसाठी ही गोष्ट कुणालाही सांगू नये.' कोटींची खैरात करायला निघालेल्या या धर्मात्म्याला ना कचेरी होती, ना पत्ता. कुणालाही फुकट उघडता येतं, तसल्या खात्यावरून हा कुबेर पत्र पाठवत होता.

पहिली फी मालकांनी घरच्या ठेवीतून कधीच भरली होती. आता दुसरी, मोठी फी मागितली होती. ती प्रेस विकून निघणार होती.

"तुम्ही तिकीट कधी काढलंत?" बाईंनी विचारलं.

"काढलं नाही. सापडलं. एका कोटाच्या खिशात."

बाई क्षणभर बरणीकडे बघत राहिल्या. "आणि ते बरणीत नाही गेलं."

"अगं, त्या माणसाला आठवतही नसेल! आणि बघ ना, लागलं की नाही?"

इथे कुणीही कपाळाला हात लावला असता. बाई मात्र पोराला अक्षरावर बोट ठेवून शिकवावं तशा शांतपणे म्हणाल्या, "त्या तिकिटावर तुमचा ईमेल लिहिला होता?"

"नाही."

"तुमचं नाव?"

"छे!"

"मग लागली हे त्यांनी तुम्हाला कसं कळवलं?"

मालकांनी मोबाइल उलटसुलट करून पाहिला.

"आपण साध्या रुमालावरही गिऱ्हाइकाची खूण घालतो. आणि हे कोटी देणार, नि ते कुणाला हेच त्यांना ठाऊक नाही. प्रिय विजेते म्हणे! आणि फी घ्यायचीच तर बक्षिसातून कापून घेतील की. आधी का मागतात?"

"ते... नियम असेल त्यांचा."

"चोराचाही असतो. घाई करायची आणि कुणाला सांगू द्यायचं नाही. तुम्हाला तर तसंही कुणाला सांगायचंच नव्हतं. तिकीट दुसऱ्याचं ना!"

मालकांची मान खाली गेली. चोराने जाळं टाकलं होतं खरं, पण ह्यांनी आत शिरून दार स्वतःच्या हाताने लावून घेतलं होतं.

बाईंनी आधी बँकेला फोन लावला, मग पोलिसांत तक्रार दिली. तिकीट चिठ्ठी लावून बरणीत टाकलं. मग समोरच्या दुकानातून ईमेल कागदावर छापून आणला आणि दर्शनी काचेवर आतून चिकटवला.

तासाभरात समोरच्या घरातून थोरले दीर आले. आख्खी गल्ली त्यांना 'कडक साहेब' म्हणे; त्यांच्या शर्टाला दुप्पट खळ लागायची आणि बोलण्यालाही. कागद वाचून त्यांची मान कॉलरपेक्षा ताठ झाली.

"काढा तो आधी! घराण्याची अब्रू चव्हाट्यावर मांडता?"

"अब्रू नाही, भाऊजी, चोराचं पत्र आहे."

"लोक हसतील! गेले पैसे, विसरा. दुसरी फी भरली की तिसरी मागतात, मग उत्तरसुद्धा देत नाहीत. चार भिंतींत गिळायचं असतं असलं."

बाईंनी कापडाची घडी घालता घालता विचारलं, "तिसरी मागतात हे तुम्हाला कसं ठाऊक? ह्यांना अजून दुसरीच मागितलीय."

साहेबांनी कॉलर सैल केली. मालक डोळे फाडून थोरल्या भावाकडे बघत होते.

"दादा... मी फी भरण्याआधी तुला विचारायला आलो होतो. तू म्हणालास, बघ बाबा तुझं तू."

"मग काय सांगायला हवं होतं? की मला, इतकी वर्षं साहेब असलेल्या माणसाला, कुणीतरी..."

"हो," मालकीणबाई म्हणाल्या. "एवढंच सांगायला हवं होतं. तुमची खळ टिकावी म्हणून सख्खा भाऊ बुडू दिलात."

साहेब रस्ता ओलांडून गेले. मालकांनी काचेवरचा कागद सोडवला. मग त्यांनी खुणेच्या शाईचं पेन उचललं, पत्राखाली लिहिलं, 'यात मी फसलो,' पुढे स्वतःचं नाव घातलं आणि कागद परत काचेवर लावला.

गल्ली हसली. दोन दिवस पोटभर हसली. हसणाऱ्यांचे कपडेही त्याच प्रेसवर इस्त्री होत होते.

तिसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक काचेपाशी थांबलं, वाचून पुढे गेलं, परत आलं. चांगले कपडे, हातात ऑफिसची बॅग. काउंटरवर वाकून त्याने कुजबुजत विचारलं, "फी... आज भरायची होती. नाही भरली तर चालेल ना?"

"मोठ्यानं विचारा," मालकीणबाई म्हणाल्या. "समोरच्या घरापर्यंत ऐकू जाऊ दे."