मगरीच्या दातांची खूण

मी एक जुनं वल्हं आहे, मित्रांनो. नदीकाठच्या दगडी तिकीटघरात, टेबलामागच्या भिंतीवर टांगलेलं. तुम्ही शाळेच्या सहलीला येता तेव्हा तुमच्या बाई तुम्हाला माझ्यासमोर रांगेत उभं करतात आणि रेडिओ माझ्याकडे छडी रोखून बोलू लागतो. रेडिओ म्हणजे आमचा वाटाड्या. सकाळी एकदा सुरू झाला की दिवेलागणीपर्यंत बंद होत नाही, म्हणून सगळ्या धक्क्याने त्याला हे नाव दिलं. तो सांगतो की माझ्या पात्याच्या कडेला या ज्या दोन खाचा आहेत, त्या एका अजस्र मगरीच्या दातांच्या आहेत. तुम्ही डोळे मोठे करता आणि माझ्याखाली उभं राहून फोटो काढता.

या नदीत मगर कधीच नव्हती. मगर सोडा, धड मोठा मासा मिळायची मारामार. खाचा दातांच्या आहेत हे मात्र खरं. ते दात माणसाचे होते आणि ते तोडणारा मी होतो.

माझा जन्म एका सागाच्या ओंडक्यातून झाला. सुताराने तो उभा चिरला आणि एका अर्ध्यातून मला घडवलं, दुसऱ्यातून माझ्या जुळ्या भावाला. म्हातारा नावाडी आम्हाला घ्यायला आला तेव्हा त्याने आम्हाला आळीपाळीने सुताराच्या अंगणातल्या होडीच्या काठावर आपटून पाहिलं. दोघांचा आवाज इतका सारखा निघाला की त्याने डोळे मिटून सुताराला पुन्हा आपटायला लावलं आणि कोणतं कोणतं ते त्याला ओळखता आलं नाही. तो खूश झाला. त्याने आम्हाला जवसाचं तेल पाजलं, उन्हात वाळवलं, आणि मीसुद्धा इतका फुशारलो की काही विचारू नका.

पण पाणी लागण्याआधी मला रक्त लागलं. धक्क्यावर तेव्हा प्रवाशांवरून रोज जुंपायची. त्या सकाळी दुसऱ्या एका होडीवाल्याने आमच्या प्रवाशाची पिशवी धरून ओढली, आणि म्हाताऱ्याने माझ्या दांड्याने त्याची बोटं फोडली. तो मटकन खाली बसला. प्रवासी निमूटपणे आमच्या होडीत चढले आणि सहलीला सुरुवात झाली. म्हाताऱ्याने मला पाण्यात बुडवलं, तांबडा रंग निघून गेला, आणि प्रवाशांनी घड्याळाच्या मनोऱ्याकडे माना वळवल्या.

आमची सहल फार देखणी होती हे मात्र मी छातीठोकपणे सांगेन. आधी तो मनोरा, ज्याच्या चारही तोंडांवर वेगवेगळे वाजलेले असतात. मग लोखंडी पूल, ज्याच्याखालून जाताना बायका डोकं उगाचच खाली घालतात. मग पक्ष्यांचं बेट. आणि शेवटी सगळे ज्याच्यासाठी येतात तो बुडका दरवाजा. जुन्या तटाचा तो दरवाजा नदीने कधीच गिळलाय, फक्त कमानीचा वरचा भाग पाण्याबाहेर आहे. तट इतका जाड आहे की ती कमान नव्हे, बोगदाच म्हणा. आत अंधार, मध्ये वळण, आणि एका वेळी एकच होडी जाईल एवढी वाट. म्हणून नियम असा, की शिरण्याआधी वल्हं होडीच्या काठावर जोरात वाजवायचं. पलीकडून कुणी येत असेल तर तो दोनदा वाजवून उत्तर देतो, मग आपण थांबायचं. उत्तर नाही आलं की शिरायचं. आतून स्वतःचाच आवाज घुमून परत येतो. प्रवाशांना त्याची फार गंमत वाटते.

म्हाताऱ्याला दोन मुलगे होते. थोरला अबोल आणि दांडगा. धाकटा डावखुरा, काटकुळा, आणि बोलण्यात असा पटाईत की रुसलेल्या प्रवाशालाही हसवील. म्हाताऱ्याचा हात दोघांवरही चालायचा. होडी पुलाला घासली की दांडा उठायचा. चूक बहुतेक धाकट्याची असायची, कारण तो बोलण्याच्या नादात पुढे बघायचाच नाही. पण मार बसायचा थोरल्याला, कारण तो मध्ये येऊन पाठ द्यायचा. ती पाठ मला चांगली माहीत आहे, मित्रांनो. मी तिच्यावर इतक्या वेळा उतरलोय की तिच्यावरचं हाड न हाड मी ओळखत होतो. तिच्यामागे धाकटा दडून बसलेला असायचा आणि दादाच्या सदऱ्याचं टोक त्याने घट्ट धरलेलं असायचं.

म्हातारा गेला. भावांनी काही काळ एकत्र होडी चालवली आणि मग बिनसलं. प्रवासी धाकट्याचं बोलणं ऐकायला येत, थोरल्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे. पाळी कुणाची यावरून एकदा शब्द वाढला, धाकटा तोडून बोलला, आणि दोघांनी वेगळ्या होड्या केल्या. बाकी सगळं वाटून झालं तरी आम्हा वल्ह्यांवरून घोडं अडलं. कुणीच जोडी सोडेना. शेवटी मी थोरल्याकडे आलो आणि माझा भाऊ धाकट्याकडे. दोघांनी आपापल्या दुसऱ्या बाजूला बाजारातलं एक एक वल्हं लावलं. माझ्या शेजारचं ते बाजारी लाकूड पहिल्याच पावसाळ्यात फुगलं. मी त्याच्याशी कधी बोललो नाही.

पुढे दोघांमधून विस्तव जाईना. आज याचा दोर कापलेला सापडायचा, उद्या त्याच्या होडीला तळाशी भोक. एकदा धक्क्याच्या पायऱ्यांवर दोघं गडगडत खाली आले आणि पाण्यात पडूनही एकमेकांचे गळे सोडेनात. लोकांनी त्यांना ओढून काढलं तेव्हा थोरल्याच्या दंडाचा लचका निघालेला होता. प्रवासी ही कुस्ती बघायलाही थांबत. मला त्यांची चीड येई. सगळा जन्म पाणी मागे सारण्यासाठी घडलेला मी, आणि मला रोज भीती वाटायची की आज हा मला कुणावर उगारणार.

तो दिवस स्वच्छ उन्हाचा होता. होडीत एक नवं जोडपं, एक आजोबा आणि दोन धिप्पाड बहिणी होत्या. दरवाजाशी आलो तेव्हा थोरल्याने मला काठावर वाजवलं. आतून आवाज आला, तसाच, घुमलेला. थोरला थोडा थांबला. आणखी काही ऐकू आलं नाही, म्हणून त्याने होडी आत घातली.

मला तेव्हाच कळलं, मित्रांनो. तो घुमलेला आवाज माझा नव्हता. तटाच्या पलीकडे, अगदी त्याच क्षणी, माझा भाऊ वाजला होता. धाकट्यानेही कान दिला, त्यालाही माझा आवाज आपलाच वाटला, आणि तोही आत शिरला. मी ओरडू शकत असतो तर ओरडलो असतो. पण आमच्या जातीला तोंड नसतं, आम्हाला फक्त आपटून घेता येतं.

वळणावर होड्यांची नाकं एकमेकांवर फुटली. अंधारात बायका किंचाळल्या, आजोबा बाकावरून खाली कोसळले. "वाजवलं का नाहीस?" दोघांनी एकदमच विचारलं. उत्तर ऐकायला कुणी थांबलं नाही. प्रत्येकाला वाटलं की समोरच्याने मुद्दाम, आपल्या जिवावर उठून, होडी घातली. धाकट्याने माझ्या भावाला उगारलं, थोरल्याने मला. एका ओंडक्याचे आम्ही दोघे हवेत एकमेकांवर आदळलो. पहिल्या घावाला आवाज तोच आला, सुताराच्या अंगणातला. दुसऱ्या घावाला माझा भाऊ मानेपाशी मोडला. तिसरा घाव थेट धाकट्याच्या जबड्यावर बसला.

हाड मोडल्याचं मला लाकडातून कळलं. दोन दात माझ्या कडेत रुतून तुटले आणि त्यांच्या खाचा तिथेच राहिल्या. धाकटा पाण्यात गेला, वर आला, आणि पाणी काळं दिसू लागलं. थोरल्याने मला पुन्हा वर उचललं. पाण्यातल्या माणसावर. त्या दोन बहिणींनी त्याच्या हातांना मिठी मारली नसती तर आज ही गोष्ट सांगायला मला लाज वाटली असती.

मग त्याचं डोकं ठिकाणावर आलं. त्याने मला पाण्यावर लांब धरलं आणि धाकट्याच्या नावाने हाका मारल्या. धाकट्याने माझ्याकडे पाहिलं, पण हात लावला नाही. माझ्या भावाचं मोडकं पातं जवळच तरंगत होतं. ते त्याने छातीशी धरलं आणि त्याच्या आधाराने तो कमानीबाहेर गेला. माझ्या भावाला मी पाहिलं ते तेव्हाच शेवटचं.

धक्क्यावर धाकट्याला फडक्याने जबडा बांधून बसवलं होतं. त्याला बोलता येत नव्हतं. सगळा धक्का बघत असताना त्याने बोट आधी माझ्याकडे केलं आणि मग थोरल्याच्या डोक्याकडे. कुणालाच अर्थ विचारावा लागला नाही. हा घाव तो परत करणार होता. त्याच आठवड्यात तो बायकोच्या माहेरी, नदीच्या खालच्या अंगाला निघून गेला.

थोरल्याने होडी सोडली. तिकीटघरात बसू लागला आणि मला भिंतीवर टांगलं. रेडिओने मगर शोधून काढली, लोक फोटो काढू लागले, आणि सगळ्यांना वाटलं की मी शोभेला आहे. मला तेल नाही, पाणी नाही. दांड्यात वाळवी शिरली. माझं कौतुक आणि माझी हेळसांड एकाच भिंतीवर एकत्र नांदत होती. पण एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. थोरल्याने खिळे खांद्याच्या उंचीवर ठोकले होते, माणसाचा हात सहज पोचेल असे. आणि माझा दांडा डाव्या हाताला येईल असा ठेवला होता. धाकटा येईल तेव्हा त्याला शोधाशोध पडू नये, एवढीच त्याची तयारी होती. दारात सावली पडली की तो मान वर करायचा. अशी कित्येक वर्षं गेली.

तो आला एका शाळेच्या सहलीच्या गर्दीतून. रेडिओ नुकताच मगरीच्या जबड्याशी पोचला होता. रांगेतून एक दाढीवाला माणूस पुढे झाला. दाढी एका बाजूला झुकलेली होती, कारण खालचं हाड वाकडं जुळलं होतं. रेडिओ वाक्य अर्ध्यात सोडून गप्प झाला. त्याच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं.

थोरल्याने डोक्यावरची टोपी काढली, टेबलावर ठेवली आणि मान खाली घातली. धाकट्याने मला उचललं. डाव्या हाताने, उजव्याचा आधार देऊन, अगदी सहज. बाईंनी मुलांना मागे ओढलं. मी वर गेलो, आणि खाली मला तेच डोकं दिसलं, आता पांढरं झालेलं, आणि त्याच्याखाली ती पाठ. मी खाली आलो तो सगळ्या ताकदीनिशी आलो.

टेबल मधोमध फाटलं. तिकिटं उडाली, शाई सांडली, आणि माझं पातं टोकापासून वीतभर चिरलं. थोरल्याने मान वर केली नाही. तो म्हणाला, "घाव चुकला तुझा. पुन्हा मार."

"चुकला नाही, दादा," धाकटा म्हणाला. जबड्यामुळे त्याचे शब्द तिरपे बाहेर पडत होते. तो पटाईत बोलणारा पोरगा आता एकेक शब्द उचलून ठेवत होता.

मग थोरल्याने मान वर केली. त्याने विचारलं, "त्या दिवशी तू वाजवलं होतंस?"

"वाजवलं होतं."

"मी पण."

धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याने माझा दांडा फुटक्या टेबलाच्या कडेवर हलकेच वाजवला. दगडी खोलीने तो आवाज जसाच्या तसा परत दिला. त्याने पुन्हा वाजवलं, आणि पुन्हा आवाज परत आला. थोरल्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो रडू लागला तेव्हा धाकटा त्याच्याशेजारी जमिनीवर बसला आणि त्याने त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं. मीही रडलो असतो, मित्रांनो. एवढा एक प्रश्न विचारायचा होता, आणि त्यापायी एक जबडा, एक माझा भाऊ आणि दोन माणसांची उमेद गेली.

आता माझी चीर तांब्याच्या तारेने बांधली आहे. रेडिओ हल्ली दोन मगरी सांगतो, एक खाचांची आणि एक चिरेची. सांगू दे बापडा. पण तुम्हाला खरं ठाऊक आहे, तेव्हा कधी राग अनावर झाला आणि हाताशी काही लागलं, तर आधी समोरच्याला विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आणि घरात एखादं जुनं वल्हं, काठी, फळी पडून असेल तर तिला तेलाचं फडकं फिरवा. लाकडाला हात लागला की बरं वाटतं, फक्त तो हात शांत असावा.

मला मात्र तुमचा हात आता लागायचा नाही. धाकट्याने त्याच संध्याकाळी जुने खिळे उपटले, शिडी मागवली, आणि दादाने शिडी धरलेली असताना मला त्याच भिंतीवर छताला लागून टांगलं. कुणाचाच हात पोचणार नाही, इतक्या उंच.