कथिलाचा थर

‘विजेच्या कपाटात पाल शिरल्याने आग लागली, पाळीवरील कर्मचारी तेओदिसिया माग्बानुआ यांनी घाबरून, परवानगीविना, संपूर्ण इमारतीचा पुरवठा तोडला.’ हा आमच्या बेटावरील रुग्णालयाचा अहवाल. त्याच्या आधारे तेओदिसियाला कामावरून काढायचे होते.

पाल मोठी शिस्तीची असावी. जळून मरतानाही तिने ना हाड मागे ठेवले, ना शेपूट. शिवाय तिच्यामुळे वीज वाहणाऱ्या दोन पट्ट्या जोडल्या गेल्या असत्या, तर सुरक्षेची कळ आपोआप पडली असती. ती पडली नव्हती. वितळला होता तो एकच सांधा, जिथे अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर तांब्याचे टोक बोल्टने आवळलेले होते.

त्या वेळी वरच्या मजल्यावर माझी आई डायलिसिसवर होती. वीज जाताच परिचारिकांनी पंप हाताने फिरवून तिचे रक्त तिला परत दिले. वीज वेळेत तुटल्याने धूर तिथवर पोहोचला नाही, म्हणून मला आज आई आहे. मी महाविद्यालयात धातुशास्त्र शिकवते. कृतज्ञतेची दुसरी रीत मला ठाऊक नसल्याने मी चौकशीत साक्षीदार म्हणून उभी राहिले.

“मानांग, एवढं घाबरायचं काय होतं?” अहवालाचे लेखक, इंजिनियर देल्फिन, तेओदिसियाला थोरल्या बहिणीची हाक मारत हसत म्हणाले.

“घाबरले असते तर पळाले नसते का, सर? जळका वास आला, कळ ओढली. तुमच्या केबिनला एसी; तुम्हाला कुठून येणार वास?”

शेजारच्या, न जळलेल्या सांध्याचे टोक मी टेबलावर ठेवले. खाऱ्या, दमट हवेत उघडे तांबे अ‍ॅल्युमिनियमला खात जाते आणि सांधा तापू लागतो. म्हणून तांब्यावर कथिलाचा थर देतात. इथे कथिल फक्त बोल्टच्या भोकात उरले होते. बाकी सगळे सँडपेपरचे ओरखडे.

“हे कोणी घासलं, सर?”

“पालीनेच घासलं असेल, मॅडम,” मागून कोणीतरी म्हणाले. “फिएस्ताचा सण जवळ आला की आपल्याकडे सगळेच घासायला बसतात.”

हशा पिकला. देल्फिन मात्र तेओदिसियाकडे पाहत राहिले. मग ते जे बोलले, ते लेखनिकाने जसेच्या तसे उतरवले:

“घासायला मी सांगितलं. फिएस्ताला फादर विजेच्या खोलीत पवित्र पाणी शिंपडायला येणार होते, आणि ती राखाडी टोकं जुनाट दिसत होती. कथिल कशासाठी असतं हे मला माहीत होतं. अहवालात पाल मी घातली. मानांगनं आधी मला फोन केला असता, तर मी ‘थांब’ म्हटलं असतं आणि वरची माणसं धुरात गेली असती. तिनं मला विचारलं नाही, हे तिचे माझ्यावरही उपकार आहेत.”