गळलेले काने

कादंबरीत 'मी' म्हणून गोष्ट सांगणारा माणूस आठव्या प्रकरणात वडिलांच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला होता आणि तिथून हलायला तयार नव्हता. त्याच्या हातात सूपचा वाडगा देऊन झाला, पाण्याचा पेला देऊन झाला, मागे फोन वाजवून पाहिला. हा आपला ढिम्म. महिने गेले तरी घोडं तिथंच पेंड खात होतं.

लिहिणारी बाई काही नवखी नव्हती. तिची दोन पुस्तकं आली होती आणि लोक ती विकत घेऊन वाचत होते. पण हल्ली ती टेबलाशी बसायची ती नुसत्या पाट्या टाकायला. एक वाक्य लिहायचं, खोडायचं, तेवढ्यात आतून हाक यायची. आत तिचे वडील होते, अंथरुणाला खिळलेले. त्यांना कुशीवर वळवायचं, चादर बदलायची, गोळ्या द्यायच्या आणि परत येऊन त्याच खोडलेल्या वाक्यासमोर बसायचं. लिहिता येत नाही याचं दुःख करायचं म्हटलं तरी त्याला निवांतपणा लागतो, तोही तिच्याकडे नव्हता. नवरा सकाळी कामावर जायचा, आणि भाऊ दर रविवारी लांबच्या शहरातून फोन करून "तू स्वतःची काळजी घे गं" असं सांगायचा. सांगायला त्याचं काय जात होतं?

त्यात एक दिवस संपादकबाईंचा फोन आला. त्या चिडल्या असत्या तर परवडलं असतं. "नसेल होत तर सोडून द्या, खरंच. आम्ही यंदा दुसरं काहीतरी छापू," असं त्या अगदी मायेनं म्हणाल्या. हे पुस्तक सुटलं तर पुढचं कधी होणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग उरणार काय, तर चादरी.

वडिलांची सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. दुसऱ्यांच्या चुका त्यांनी डोळ्यांत तेल घालून शोधल्या, आणि म्हातारपणी ते डोळेच गेले. कान मात्र शाबूत होते. तिनं पान लिहिलं की त्यांना वाचून दाखवायचं आणि त्यांनी पडल्यापडल्या दुरुस्त्या सांगायच्या, असा त्या दोघांचा रिवाज होता. "तो 'परंतु' काढ, माझा श्वास अडकतोय," असं ते म्हणायचे. ही गोष्ट म्हाताऱ्या बापाची सेवा करणाऱ्या मुलाची आहे, हे त्यांना अर्थातच कळलं होतं. मुलगा का, मुलगी का नाही, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही आणि तिनंही ताकास तूर लागू दिली नाही. बाईनं 'मी' असं लिहिलं की लोक थेट तिच्या घरात डोकावतात. त्यातून पहिला डोकावणारा घरातच, पलीकडच्या खोलीत झोपलेला.

"पोरगा फारच गुणी आहे तुझा," ते मागे एकदा म्हणाले होते. "हा वैतागत कसा नाही कधी?"

तेव्हापासूनच तो पोरगा दारात अडकला होता.

फोनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चादर तिसऱ्यांदा बदलावी लागली. वडील म्हणाले, "माफ कर गं." ती म्हणाली, "त्यात काय एवढं," आणि तिच्या आवाजात इतका कोरडेपणा होता की तिलाच तो ऐकवला नाही. धुण्याच्या यंत्रात चादरी टाकून ती टेबलाशी आली आणि काही विचार न करता लिहीत सुटली. एक अख्खं पान झालं. कितीतरी दिवसांनी झालं, म्हणून पुन्हा नजरही न टाकता ती ते घेऊन आत गेली आणि वाचू लागली.

"दार अर्धं उघडं होतं. बाबांना जाग होती, पण मी आत गेले नाही. मी थकले होते. हे कधी संपेल, असं मनात आलं. आणि संपेल म्हणजे काय, तेही मला कळत होतं."

"थांब," वडील म्हणाले. "काने गळलेत तुझे. गेले, थकले, होते. तीन. 'गेलो' हवं तिथं. 'थकलो होतो'."

तिनं पाहिलं तर खरंच. मुद्रितशोधकाच्या लेकीनं अशी चूक करावी. "हो, घालते," असं म्हणून तिनं पेन उघडलं. तीन उभ्या रेघा ओढायच्या, की तो माणूस परत आला असता, आणि ती सुटली असती. पण हात उचलेना. तिला लाज वाटत होती, भीती वाटत होती, आणि या दोन्हींपेक्षा जास्त दमायला झालं होतं.

"गळले नाहीत बाबा," ती म्हणाली. "तसंच आहे ते."

वडिलांनी तोंड भिंतीकडे वळवलं. न्हाणीघरात यंत्र गरगरत होतं. आपण काय बोलून बसलो, हे तिला कळत होतं; पण बोललेलं परत घ्यावं, असं काही केल्या वाटेना.

मग त्यांनी घसा खाकरला.

"शेवटचं वाक्य वाच बघू परत."

तिनं वाचलं. शेवटपर्यंत वाचलं.

"हे बरोबर आहे," ते म्हणाले. "आता पहिल्या पानापासूनचे सगळे काने काढ. एवढ्या तीनच ठिकाणी काढलेस तर लोकांना चूक वाटेल."