जावईबापूंचं तळं

गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या जावईबापूंना चाळिशी उलटल्यावर तळ्याचं वेड लागलं. साधंसुधं तळं नव्हे. परसात साडेचार फूट खोल, त्यात हातभर वाढणारे रंगीत कोई मासे, आणि पाणी असं नितळ की तळाचा खडा मोजता यावा. तीन महिने ते जेवण झालं की वहीत आकृत्या काढत बसत. बायकोने सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं. तिच्या बाबांच्या कानावर मात्र काही घालायचं नाही, अशी तिला ताकीद होती.

कारण तिचे बाबा म्हणजे चाळीस वर्षं नळकाम केलेला माणूस. लग्न ठरल्यावर जावईबापू पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले, तेव्हा ठिबकणारा नळ पाहून "मी बघतो" म्हणाले आणि अर्ध्या तासात स्वयंपाकघरात घोटाभर पाणी झालं. या गोष्टीला बारा वर्षं झाली, पण सासरे ती कालच घडल्यासारखी सांगत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते लेकीकडे राहायला आले होते आणि त्यांची खुर्ची नेमकी मागच्या दारातच मांडलेली असे. खड्डा लपवून खणणार तरी कसा?

"विहीर का?" पहिल्याच रविवारी त्यांनी चहाचा कप हातात धरून विचारलं.

"तळं, बाबा."

"वा. म्हणजे या वेळी पाणी मुद्दाम साठवायचं म्हणताय."

जावईबापू खाली मान घालून फावडं मारत राहिले. आत ओट्याशी उभी असलेली बायको हसू दाबताना खोकली.

चार रविवार गेले. खड्डा झाला, त्यात जाड काळं रबरी कापड अंथरलं, काठावर दगड बसले, शेजारी फिल्टरसाठी निळं पिंप आलं. पहिल्या रविवारनंतर सासरे खुर्चीतून नुसते बघत राहिले, आणि तेच जास्त टोचत होतं. मग एका सकाळी नळी सोडली. दुपारी तळं भरलं तेव्हा लिंबाच्या झाडाकडचं पाणी काठावरून गवतात पळत होतं आणि भिंतीच्या बाजूला वीतभर काळं कापड उघडं पडलं होतं.

"तळं वाकून नमस्कार करतंय तुम्हाला," सासरे म्हणाले. "चांगलं वळण लावलंत."

दिवसभर लोकांकडून बारीक अक्षरांची ओळ वाचून घेणाऱ्या माणसाला वीतभर उतार दिसला नव्हता. जावईबापूंनी नळ बंद केला आणि पायरीवर बसकण मारली. नखातली माती काढत ते कसेबसे म्हणाले, "बाबा, तुम्ही जरा बघता का?"

सासरे इतक्या झटकन उठले की काठी खुर्चीलाच टेकलेली राहिली. आतून त्यांनी आपली जुनी पेटी मागवली, त्यातून पारदर्शक नळी काढली, तिच्यात पाणी भरलं आणि एक टोक जावयाच्या हातात दिलं. "दोन्ही टोकांना पाणी एका पातळीत राहतं. तिकडे भिंतीजवळ धरा. हलू नका." खडूच्या खुणा करता करता ते पुटपुटले, "चार रविवार वाट बघतोय, कुणी विचारेल म्हणून."

तळं उपसलं, लिंबाकडचा काठ उचलला. मग सासऱ्यांनी फिल्टरचं पिंप हाती घेतलं. "हे एकटंच? आधी एकात गाळ खाली बसू दे, मग दुसऱ्यात पाणी गाळा. नाहीतर दर चार दिवसांनी तुंबेल." दुसरं पिंप आलं. त्यात जावईबापूंनी टोपलीभर प्लास्टिकच्या चकत्या ओतल्या.

"हे कशाला?"

"यांच्यावर जंतू वाढतात. माशांच्या घाणीतून विष तयार होतं, ते हे जंतू खातात."

"म्हणजे जन्मभर मी जी घाण काढली, ती तुम्ही हौसेने पाळणार!"

"ते पुरेसे वाढायला सहा आठवडे तरी लागतील. तोवर रोज थोडं थोडं ते विष आपणच पाण्यात घालायचं, जंतूंना खाऊ म्हणून. मासे मात्र आणायचे नाहीत."

सासऱ्यांनी लेकीकडे असं पाहिलं, जणू विचारत होते, हा मुलगा तूच पसंत केलास ना.

दुसऱ्या आठवड्यात जावईबापू दुकानातून परतले तर सासरे तळ्याच्या काठी बसलेले, चेहरा उतरलेला. शेजाऱ्याच्या गाडीतून जाऊन त्यांनी दोन केशरी मासे आणून सोडले होते, जावयाला चकित करायचं म्हणून. दोन्ही मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते.

"एवढं स्वच्छ पाणी," सासरे म्हणाले. "मला वाटलं, तुमचं आपलं पुस्तकी काहीतरी." मग हळू आवाजात, "मारलं का हो मी त्यांना?"

बारा वर्षांत अशी संधी आली नव्हती. जीभ अगदी शिवशिवली. पण जावईबापूंनी बाह्या सरसावल्या. "टब धरा, बाबा," एवढंच ते म्हणाले. मोठ्या टबात त्यांनी पाणी भरलं, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा दोष घालवणारे थेंब टाकले, हवेचा छोटा पंप लावला आणि मासे त्यात हलवले. दिवेलागणीला एकाने शेपटी मारली. दुसऱ्याने मात्र सकाळपर्यंत जीव टांगणीला लावला.

पुढचे पाच आठवडे टबातलं अर्धं पाणी रोज बदलायचं काम सासऱ्यांनी कुणाला करू दिलं नाही. लेक म्हणे, "बाबा, मला कधी एवढी अंघोळ घातली होतीत का?" ते म्हणत, "तू एवढी गुणी कुठे होतीस?" तळ्याचं पाणी नळकांडीत घेऊन विष किती ते पाहायला तक्त्याशी रंग जुळवणं जावईबापूंकडे होतं, तो आकडा सासरे स्वतःच्या चष्म्याने पुन्हा वाचत.

शेवटी सलग तीन दिवस विष शून्य आलं. दोन्ही मासे तळ्यात गेले, आणि रविवारी सासरे-जावई आणखी तीन आणायला गेले. सासऱ्यांनी दुकानदाराला आधीच बजावलं, "पसंती यांची. मी फक्त सोबत आलोय." मग जावयाने दाखवलेल्या प्रत्येक माशात खोट काढली. अखेर तीन ठरले. पाण्याने फुगलेली माशांची पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी कवटाळून सासरे गाडीत बसले आणि घर येईपर्यंत जावयाला रस्त्यातले खड्डे दाखवत राहिले.