खळ वाळायच्या आत

लातूर जिल्हा नवा झाला त्या साली पावसानं उदगीरकडं पाठ फिरवली. नव्या कचेरीच्या भिंतीवर नक्षीची घोंगडी पाहिजे, असा निरोप रेवणप्पाला आला. काळ्या लोकरीवर पांढऱ्या कळसांचा काठ. काठ बघून सात गावं विणणाऱ्याचं नाव सांगायची. बापानं तो एकट्या रेवणप्पाला शिकवला, कारण थोरला वीरभद्र तेव्हा सोलापूरला गिरणीत होता. गिरणीनं घरी बसवल्यावर वीरभद्राला आठवलं, आपण थोरले आहोत.

"काठ मी विणणार."

"अण्णा, तुला कळस तरी मोजता येतेत का?"

एवढंच. पण आईसमोर, सुनांसमोर.

दुसऱ्या दिवशी रेवणप्पानं गल्लीत ताणा ताणला. आई शांतम्मानं टँकरच्या रांगेतून आणलेल्या दोन घागरी चिंचोक्याच्या खळीत गेल्या. प्यायला तांब्याभर उरलं. ताण्याला खळ लावली की कुंचा थांबवायचा नसतो. मधेच वाळली तर दोरे चिकटतात, ताणा वाया. वीरभद्राला हे पक्कं ठाऊक, म्हणून तो नेमका तेव्हाच आला. हातात मेंढ्यांची कातर.

पहिला वार ताण्यावर होता, रेवणप्पानं तो दंडावर घेतला. मग कुंच्याचा दांडा थोरल्याच्या तोंडावर. दोन दात गेले. थोरल्यानं पोटात गुडघा घातला, धाकट्यानं कान फाडला.

"खळ वाळायली रे, मुडद्यांनो!" शांतम्मा ओरडली.

दोघं थांबले. वीरभद्रानं दुसरा कुंचा उचलला. एकानं ताण्याच्या या टोकाकडून, दुसऱ्यानं त्या टोकाकडून कुंचा ओढला. रक्त दोऱ्यांवर गळू नये म्हणून माना बाजूला. मधोमध दोघांची गाठ पडली. ताणा वाचला. कुंचे खाली ठेवले, आणि वीरभद्रानं कातर उचलली.

रेवणप्पाचा उजवा अंगठा धुळीत पडला.

"कातर निसटली," शांतम्मानं फौजदाराला सांगितलं. दोन लेकांतला एक तरी मागावर पाहिजे होता.

आठव्या दिवशी वीरभद्र मागावर बसला. शेजारी चिंध्यांत गुंडाळलेला हात मांडीवर घेऊन रेवणप्पा.

"आता किती, रेवण्या?"

"काळे पाच. पांढरे दोन."

सहाव्या कळसाला त्यानं पांढरा एकच सांगितला. दारात लोकर पिंजणाऱ्या शांतम्माचा हात थांबला. नवऱ्याच्या काठाची मोजणी तिलाही पाठ होती. मग ती पुन्हा पिंजू लागली.

"एकच?"

"एकच, अण्णा. लई अवघड हाय का?"

वीरभद्रानं एकच टाकला, आणि घट्ट बसावा म्हणून दोनदा ठोकला.